सहल जवळची काढा, पण अख्खा वर्ग न्या

डिसेंबर लागला की पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सहलीची नोटीस येते. दोन रात्री तीन दिवस, एक वॉटरपार्क, एक समुद्रकिनारा, जाता जाता दोन देवस्थानं, फी अमुक हजार, पैसे भरायची शेवटची तारीख अमुक, आणि वर ठळक अक्षरात लिहिलेलं असतं "शैक्षणिक सहल". मी पारोळा तालुक्यातल्या एका शाळेत गणित शिकवते आणि या विषयावर मला बरेच दिवस लिहायचं होतं, तर आज सगळंच लिहिते. पोस्ट लांबणार आहे, पण ज्यांची पोरं शाळेत आहेत त्यांनी तरी पूर्ण वाचा.

आधी पैशाचं बोलू. डिसेंबरात आपल्याकडे कापूस घरात येऊन पडलेला असतो आणि भाव नाही म्हणून बाप विकत नाही, किंवा विकून उधारी फेडून झालेली असते. ज्यांचं स्वतःचं शेत नाही त्यांच्या घरी तर आई आणि मोठी पोर वेचणीलाच असते. त्या घरात तीन-चार हजाराची सहल म्हणजे काय ते मी सांगायला नको. निम्मा वर्ग मागे राहतो. आणि जी पोरं मागे राहतात ती घरी "मला जायचं" असं म्हणतही नाहीत, त्यांना घरचं माहीत असतं, ती शाळेत येऊन "मॅडम मला गाडी लागते" असं सांगतात. गाडी कुणालाही लागत नसते. सहलीहून आल्यावर आठ दिवस वर्गात त्याच गप्पा चालतात आणि ही पोरं खाली मान घालून वहीत काहीतरी गिरवत बसतात, हे दरवर्षी बघवत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, सहल एका दिवसाची काढा, आपल्याच किंवा शेजारच्या जिल्ह्यातली काढा, एका दिवसात एकच जागा बघा, आणि एकही पोरगं मागे ठेवू नका. शाळेच्या सहलीला एसटीत निम्म्या भाड्याची सवलत आहे, सकाळी सातला निघून संध्याकाळी परत यायचं, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घरून बांधून आणायची. खर्च इतका कमी येतो की ज्यांना तोही जमत नाही त्यांचा गावातली चार माणसं मिळून सहज उचलतात, हे मी बघितलंय.

यावर लगेच प्रश्न येतो की जवळ आहे काय बघायला? हा प्रश्न मला शिक्षकांनीही विचारलाय आणि तो ऐकला की मला खरंच वाईट वाटतं, कारण आपल्या खान्देशात राहून खान्देशात काय आहे हे आपल्यालाच कुणी शिकवलं नाही.

पाटणादेवीचंच घ्या. चाळीसगावपासून अठरा-वीस किलोमीटर. नवस फेडायला, जावळं काढायला आपण सगळे तिथे गेलोय. पण त्या देवळात एक शिलालेख आहे, इसवी सन १२०७ च्या सुमाराचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव (योगी चांगदेव नव्हे, हा ज्योतिषी, सिंघण यादवाच्या दरबारातला) याने आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून इथे मठ काढला आणि तिथल्या निकुंभ राजांनी त्या मठाला दान दिलं, ते त्यात कोरलेलं आहे. बहुतेक भाग संस्कृत, पण दानाचा तपशील जुन्या मराठीत आहे, म्हणजे या पेठेत जो माल विकायला येईल त्यावरचा राजाचा वाटा मठाला द्यायचा असा हिशोब. विचार करा, आठशे वर्षांपूर्वी आपल्या डोंगराच्या पायथ्याशी गणित शिकवायची शाळा होती आणि तिचा खर्च बाजाराच्या करातून चालायचा! हे ज्या पोराला कळलं ते देवीच्या पाया पडून झाल्यावर त्या दगडासमोरही उभं राहील.

आम्ही तिथे आठवीची पोरं नेली तेव्हा मी भास्कराचार्यांच्या लीलावती या ग्रंथातलं मोर आणि सापाचं गणित नेलं होतं. नऊ हात उंच खांब, खांबावर मोर बसलेला, खांबाच्या बुडाशी सापाचं बीळ. साप बिळापासून सत्तावीस हातांवर आहे आणि बिळाकडे सरपटत येतोय. मोराने त्याला बघितलं आणि तिरकी झेप घेतली, दोघांनी सारखंच अंतर कापलं, तर मोराने सापाला बिळापासून किती हातांवर पकडलं? फळ्यावर हे घातलं असतं तर चार हुशार पोरांनी सोडवलं असतं आणि बाकीच्यांनी उतरवून घेतलं असतं. तिथे आम्ही मोकळ्या जागेत चुन्याने खांब जमिनीवरच आडवा आखला, दोरी घेतली, हाताने मोजायला लागलो. कुणी आठ हातांवर उभं राहिलं, कुणी दहा, दोरी पुरेना, परत मोजा, भांडणं, आरडाओरडा, आणि शेवटी बारा हातांवर दोरी बरोबर बसली. मोराची झेप पंधरा हात, सापही पंधरा हात. नऊ, बारा, पंधरा, म्हणजे तीन-चार-पाचचंच त्रिकूट तिप्पट केलेलं. ते सांगायलाच लागलं नाही, वर्गात कधी तोंड न उघडणारी एक पोर ओरडली "मॅडम, हाई तं पायथागोरस शे!" भास्कराचार्यांनी हे गणित ११५० मध्ये लिहिलंय. त्यांचं मूळ गाव विज्जलविड नेमकं कुठलं यावर अभ्यासकांत अजून वाद आहे, आणि मी पोरांना तोही वाद सांगितला, कारण मोठ्या माणसांनाही सगळं ठाऊक नसतं आणि शोधायचं अजून शिल्लक आहे हे त्या वयात कळलं पाहिजे.

त्याच चाळीसगाव तालुक्यात पाटणे इथे १९७० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी उत्खनन केलं त्यात शहामृगाच्या अंड्याची कवचं सापडली, त्यावर बारीक रेघांची नक्षी कोरलेली, सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीची. शहामृग, आपल्या खान्देशात! हे मी वर्गात सांगितलं तर पोरांनी आधी विश्वासच ठेवला नाही. एक जण म्हणाला "मॅडम, हाई खरंच आपला तालुकाना जोडे शे?" (हे खरंच आपल्या तालुक्याजवळ आहे?) पुस्तकात आदिमानव म्हटलं की पोरांना वाटतं तो आफ्रिकेत नाहीतर मध्य प्रदेशात राहायचा. तो गिरणेच्या खोऱ्यात राहायचा, नक्षी काढायचा, मणी घालायचा.

चाळीसगावलाच रेल्वे स्टेशनजवळ केकी मूस यांचं घर आहे, आता ते कलासंग्रहालय आहे. जवळपास अर्धं शतक हा माणूस घराबाहेर फारसा पडला नाही आणि घरात टेबलावर साध्या वस्तू मांडून असे फोटो काढले की त्याची कीर्ती लांबवर गेली. आज प्रत्येक घरात मोबाईल आहे, प्रत्येक पोरगं दिवसाला पन्नास फोटो काढतं, त्यांना प्रकाश आणि सावली म्हणजे काय हे दाखवायला याहून चांगली जागा मला तरी माहीत नाही. चित्रकलेच्या सरांनी एक दिवस तिथे घालवावा.

धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे, इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यातच गेले आणि लगेच पुढच्या वर्षी ही संस्था उभी राहिली. हा माणूस जुनी कागदपत्रं शोधत गावोगाव फिरला. जवळच समर्थ वाग्देवता मंदिर, तिथे हस्तलिखितं. आणि १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलत होते आणि साने गुरुजी ते लिहून घेत होते, हे ज्या शहरात घडलं तिथली पोरं ते न ऐकताच दहावी पास होतात.

आता संग्रहालय दाखवायचं कसं, हे जास्त महत्त्वाचं. एकदा एका संग्रहालयात मी एका मोठ्या शाळेची सहल बघितली, नाव घेत नाही. दीडशे पोरं रांगेत, पुढे एक सर, मागे एक सर, "हात लावू नका, पुढे चला, पुढे चला", वीस मिनिटांत सगळी दालनं संपली आणि बाहेर येऊन ग्रुप फोटो. पोरांनी काय पाहिलं असेल? पुढच्याची पाठ! माझं मत असं की प्रत्येक पोराने एकच वस्तू निवडावी, तिच्यासमोर अर्धा तास बसावं, चित्र काढावं, आणि तीन प्रश्न लिहावेत, ही कुणी वापरली असेल, कशाची केली, इथे कशी आली. बाकीची दालनं राहिली तर राहू दे, ती पुन्हा आई-बापाला घेऊन येतील. आणि जाण्याच्या आठ दिवस आधी वर्गात त्या जागेवर दोन तास तरी झालेच पाहिजेत, नुसतं गाडीत बसवून नेलं तर पोरं वेफर्स आणि अंताक्षरीतच रमणार, त्यात त्यांचा काय दोष.

निसर्गाचंही तेच. भूगोलात तापी पश्चिमवाहिनी आहे हे सगळ्यांना पाठ असतं, पण मुक्ताईनगरजवळ चांगदेवला तापी आणि पूर्णा एकत्र येतात तिथे उभं राहून पाणी कुठल्या दिशेला चाललंय हे होकायंत्राने बघितलेलं पोर मला अजून भेटायचंय. तिथून पुढे हतनूर धरण, एक्केचाळीस दरवाजांचं, पावसाळ्यात त्याचे किती दरवाजे उघडले ही बातमी आपण दरवर्षी वाचतो, हिवाळ्यात त्याच्या पाण्यावर चक्रवाक आणि बाकीचे पाहुणे पक्षी येतात. आणि डोंगरात गेलात तर गाईड शोधू नका, वनरक्षकाला विचारा, बकऱ्या चारणाऱ्या बाबांना विचारा. अंजन कुठला, सालई कुठली, धावडा कुठला, ते पानाला हात न लावता लांबूनच सांगतात. आमच्या वर्गात दोन पोरं अशा घरातली होती, त्या दिवशी बाकीची सगळी पोरं त्यांच्या मागे मागे फिरत होती, झाडांची नावं विचारत.

नंदुरबारचं राहिलंच. ९ सप्टेंबर १९४२ ला शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार साथी गोळीबारात गेले. शिरीषकुमार पंधरा वर्षांचा होता, म्हणजे आपल्या नववी-दहावीच्या पोरांएवढाच. त्या स्मारकासमोर नववीचा वर्ग उभा करा, भाषण नको, फक्त वय सांगा.

सुरक्षेचा मुद्दा काही जण काढतील आणि तो खराच आहे. २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात सहलीला गेलेले चौदा विद्यार्थी बुडाले, त्यानंतर परवानग्या आणि नियम कडक झाले ते योग्यच झालं. पण म्हणूनही जवळची सहल बरी, रात्रीचा प्रवास नाही, मुक्काम नाही, अनोळखी पाणी नाही, काही झालं तर तासाभरात पालक पोचतो. गौताळा अभयारण्यात जायचं तर वनविभागाला आधी कळवा, धबधब्याकडे पावसाळ्यात लहान वर्ग नेऊच नका, मोठ्या पोरांनाही काठावर जाऊ देऊ नका.

शिक्षकांकडे वेळ नसतो हेही मला माहीत आहे, निवडणुकीची कामं, सर्वे, ऑनलाइन माहिती, रोज एक नवीन लिंक भरायची. म्हणून गावातल्या लोकांना हात जोडून सांगते. तुमच्यात कुणी रिटायर्ड इतिहासाचे गुरुजी असतील, कुणी हतनूरला दुर्बीण घेऊन पक्षी बघायला जाणारे असतील, कुणाला मोडी वाचता येत असेल, कुणी जंगलखात्यात नोकरी केली असेल, तर शाळेने बोलवायची वाट बघू नका. जवळच्या जिल्हा परिषद शाळेत जा, हेडमास्तरांना भेटा, म्हणा जानेवारीतला एक दिवस मी पोरांबरोबर येतो. आमच्या शाळेत सातवीची सहल चांगदेव-हतनूरला ठरतेय, पक्षी ओळखणारं माणूस अजून मिळालेलं नाही. भुसावळ-मुक्ताईनगरकडचे कुणी असाल तर मेसेज करा, बसमध्ये तुमची जागा धरून ठेवते.