ब्रोशरात सात रंग, यार्डात पांढरा

मला हिरवी गाडी हवी आहे. गडद हिरवी, पेट्रोल, मॅन्युअल, मागच्या काचेला वायपर असलेली आणि डोक्यावर सनरूफ नसलेली. बस, एवढंच. हा रंग मला काही स्वप्नात दिसलेला नाही. कंपनीच्याच ब्रोशरात छापलाय. वेबसाइटवर त्या रंगाच्या ठिपक्यावर बोट ठेवलं की हिरवी गाडी स्वतःभोवती गोल फिरून दाखवते. पण शोरूममध्ये बसून तोच रंग मागितला की समोरचा पोरगा असा बघतो, जणू मी त्याची किडनी मागितली.

"सर, तो कलर मूव्हिंग नाहीये."

अरे, मूव्हिंग नाही म्हणजे काय? तुम्ही मागवतच नाही तर तो मूव्ह होणार कसा? डीलर पांढऱ्या, सिल्व्हर आणि ग्रे गाड्या उचलतो, कारण म्हणे त्या खपतात. आणि त्या खपतात कारण यार्डात दुसरं काही उभंच नसतं. गिऱ्हाईक दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात येतं, घरच्यांना शब्द दिलेला असतो, जे समोर आहे ते मुकाट्याने घेऊन जातं. मग वर्षअखेरीस हेच लोक सांगायला मोकळे, की बघा, आपल्याकडे लोकांना पांढराच आवडतो. आवडतो कसला, गळ्यात मारलाय तुम्ही!

मला कारखान्यातलं काही कळत नाही अशातला भाग नाही. नाशकात राहून ते शक्यही नाही, सातपूर-अंबडला घरटी एक माणूस गाड्यांच्या कुठल्या तरी पार्टवर पोट भरतोय. आमचा एक मित्र कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये, म्हणजे गाड्या रंगवतात त्या विभागात आहे. त्याने समजावून सांगितलं. रंग बदलायचा म्हणजे गनमधला, पाइपातला आधीचा रंग सॉल्व्हंटने धुऊन काढायचा. रंगही वाया, सॉल्व्हंटही वाया, वेळ जातो तो वेगळाच. म्हणून एका रंगाच्या बॉड्या जमतील तितक्या एकापाठोपाठ घेतात आणि कमी मागणीच्या रंगाचा लॉट लागायला उशीर होतो. पटलं. माझी थांबायची तयारी आहे. घरातली जुनी गाडी अजून चालतेय, मुहूर्त गाठायचा नाही. पण किती थांबायचं, हे सांगायला तोंड उघडा ना! आधी म्हणाले सहा ते आठ आठवडे. मग म्हणाले, अलॉटमेंट वरून येते. मग म्हणाले, सिस्टीममध्ये दाखवत नाही. ही सिस्टीम कुठे बसते ते सांगा, मी स्वतः जाऊन भेटतो.

रंगाचं एक वेळ सोडा. व्हेरिएंट हा तर दिवसाढवळ्या दरोडा आहे.

आई भावाकडे कल्याणला असते, त्यामुळे मला पावसाळ्यातसुद्धा कसारा घाट चुकत नाही. इगतपुरी मागे पडली की धुकं असं उतरतं की पुढच्या ट्रकचे मागचे लाल दिवे दिसेपर्यंत जीव मुठीत. मागच्या काचेवर चिखलाच्या पाण्याचा थर, आरशात नुसता करडा ठिपका. तिथे वायपर, डिफॉगर आणि फॉग लॅम्प या चैनीच्या वस्तू नाहीत. पण कंपनीच्या हिशेबात त्या चैनीच्याच. मधल्या मॉडेलला मागचा वायपर नाही. मिळतो फक्त टॉपला. आणि टॉप घेतलं की त्याच्यासोबत सनरूफ, रंग बदलणारे आतले दिवे, भलामोठा स्क्रीन आणि मोबाईलवरून गाडीचा एसी चालू करायची सोय, हे सगळं झक मारत घ्यायचं. सुटं काही नाही. वाण्याकडे मीठ सुटं मिळतं, इथे वायपर सुटा मिळत नाही.

आणि सनरूफ! मे महिन्यात नाशिकचा पारा चाळिशी ओलांडतो. या गावात छताला आधी भोक पाडायचं, त्याला काच लावायची, काच तापते म्हणून खाली पडदा ओढायचा आणि मग एसी फुल करून बसायचं. पोरांना वर उभं करून कॉलेज रोडला मिरवायचं असेल त्यांनी खुशाल घ्यावं. (ब्रेक लागला की त्या पोराचं काय होईल, हा विचार त्यांच्या डोक्यात येत नाही हे वेगळं.) मला नकोय तर माझ्याकडून त्याचे पैसे का घेता?

पैसे म्हणजे नुसते सनरूफचेही नाहीत. मधलं मॉडेल दहा लाखांच्या आत बसतं. टॉपला गेलं की दहाची रेघ ओलांडते. पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत रोड टॅक्स ११ टक्के, त्याच्या वर १२. शिवाय दहाच्या वर गेलं की १ टक्का टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आपल्याकडून आधीच वसूल केलेला आयकर. तो रिटर्न भरताना वळता होतो हे खरं, पण आज खिशातून जातोच ना? म्हणजे मागच्या काचेवरची हातभर दांडी हवी म्हणून मी सरकारलाही जादा भरायचं. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला तेव्हा वाटलं होतं, चला, हात थोडा सैल झाला. कसचं काय. गर्दी वाढली आणि शोरूमवाल्यांचा आवाज चढला. "सर, आत्ता हो म्हणा, नाहीतर ही पण गाडी जाईल." जाऊ दे ना! ती पांढरीच आहे!

एकदा फोन आला, हिरवी सापडली म्हणून. हातातलं काम टाकून विल्होळीकडच्या त्यांच्या यार्डात गेलो. हायवेच्या कडेला पत्र्याचं कंपाउंड, आत रांगाच्या रांगा पांढऱ्या. वॉचमनने शेवटच्या ओळीपर्यंत नेलं. गाडीवर इतकी धूळ की रंग कळायला बोनेटवर बोट फिरवावं लागलं. खालून हिरवा निघाला, क्षणभर बरं वाटलं. मग दार उघडलं तर ऑटोमॅटिक. वर पाहिलं तर सनरूफ. बॅटरी उतरलेली, सीटवरच्या प्लास्टिकखाली वाफ धरलेली, टायर एका बाजूने बसलेले. दाराजवळच्या पट्टीवर बनल्याचा महिना पाहिला तर मागच्या वर्षीचा. पोराला विचारलं, हे काय? तर म्हणे, "सर, रजिस्ट्रेशन याच वर्षीचं होईल." अरे बाबा, सेल सर्टिफिकेटवर, म्हणजे त्या फॉर्म २१ वर, बनल्याचा महिना आणि वर्ष लिहावं लागतं. उद्या विकायला काढली तर घेणारा आधी तेच बघणार.

त्या पोराचाही फारसा दोष नाही म्हणा. महिनाअखेर, टार्गेट, मागे उभा मॅनेजर. राग येतो तो त्या काचेच्या केबिनमधल्या माणसाचा, जो बाहेर येऊन खांद्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, "सर, रंगात काय ठेवलंय? आत बसल्यावर बाहेरचा रंग दिसतो का?" मग तुमच्या शोरूमला निळा रंग कशाला मारलाय? आत बसल्यावर दिसतो का?

घरचेही कमी नाहीत. मामा फोनवर, "पांढरी घे, रिसेलला बरी." मामा, मी गाडी दहा-बारा वर्षं वापरणार आहे. विकायच्या दिवशीच्या गिऱ्हाइकाला आवडेल म्हणून तोवर मी रोज तिच्याकडे बघून तोंड वाकडं करू?

इन्शुरन्सची कथा थोडक्यात. आमच्याकडूनच घ्या, बाहेरचा घेतलात तर कॅशलेस मिळणार नाही, हे घाबरवणं. कुणाकडूनही घ्यायचा हक्क आहे हे सांगितलं की लगेच डिस्काउंट गायब. बाहेरून काढलेलं कोटेशन दाखवलं तेव्हा यांचाही आकडा फटकन खाली आला. मग आधी काय माझं तोंड बघून लावला होता?

आणि परवा कळस झाला. मॅनेजर म्हणतो, "सर, असं करा, पांढरी घ्या आणि वरून हिरवा रॅप मारून घ्या. आमचा माणूस आहे." म्हणजे कंपनी जो रंग बनवते, त्याचं स्टिकर मी माझ्या पैशाने नव्याकोऱ्या गाडीवर चिकटवायचं! वर आरसीवर रंग लिहिलेला असतो, तो बदलायचा म्हणजे पेठ रोडच्या आरटीओत जाऊन नोंद करून घेणं आलं. हे त्याला सांगितलं तर म्हणाला, "एवढं कोण बघतं सर?"

तिथल्या तिथे बुकिंग कॅन्सल करायचा फॉर्म मागितला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'हवा तो रंग दिला नाही'. पोरगा कॉम्प्युटरवर भरायला बसला, बराच वेळ माऊस फिरवत राहिला. मग हळूच म्हणतो, "सर, इथे ते कारण येतच नाहीये. 'आर्थिक अडचण' टाकू का?"

टाकून तर बघ, म्हटलं.