गुर्जींचा नंबर कोणी दिला?

“तुझ्या फ्रीजचा फोन मला कामून येतो, ते सांग आधी.”

गुर्जी अजून बसलेसुद्धा नव्हते. सायकल भिंतीला लावता लावताच त्यांनी दत्ताला धरलं. अंबाजोगाईच्या मोंढ्याकडं जाताना एक बंद पडलेलं खताचं दुकान आहे, त्याच्या पायऱ्या म्हणजे आमचा कट्टा. चहा समोरच्या हॉटेलातून येतो. पैसे कोणी द्यायचे, यावर रोज नवा तंटा.

दत्ता खाली बघून चपलेचा अंगठा चाळवायला लागला. उत्तर बाळूनं दिलं. “दुकानात हप्त्याचं कार्ड काढताना ओळखीतले दोन नंबर लिहून घेतात, गुर्जी. एक घरचा, एक बाहेरचा.”

“मग बाहेरचा मीच सापडलो?”

“गावात तुमच्याएवढा प्रतिष्ठित माणूस दुसरा कोण हाय?” दत्ता म्हणाला.

गुर्जी क्षणभर सुखावले. तेवढ्यात चहा आला म्हणून प्रकरण हातघाईवर आलं नाही.

दत्ताची भानगड कट्ट्याला तशी तोंडपाठ. आधी फ्रीज घेतला, बिनव्याजी म्हणून. दुकानदार म्हणाला कार्डावर लिमिट शिल्लक हाय, मग मोबाईल घेतला. 2025 च्या सप्टेंबरात मांजरा नदीच्या पुरानं काय केलं ते कोणाला नव्यानं सांगायला नको. उरलं ते सोयाबीन काळं पडलं. हमीभाव क्विंटलला 5328, आणि मोंढ्यात चार-सव्वाचार हजारावर बोली सरकेना. दोन हप्ते थकले. खात्यात पैसे नाहीत म्हणून हप्ता परत गेला की बँक दंड लावते, कंपनी वेगळा लावते. बिनव्याजी फ्रीज असा थंडपणे वाढत गेला.

“अंथरूण पाहून पाय पसरावेत,” गुर्जी म्हणाले.

हे येणारच होतं. गुर्जी निवृत्त झाले, पण त्यांच्या आतला फळा अजून रोज पुसून नवा सुविचार लिहितो. पेन्शन वेळच्या वेळी जमा होत असल्यामुळं त्यांना सगळेच सुविचार पटतात.

“गुर्जी, अंथरूण पुरात गेलं,” बाळू म्हणाला. “आता पायाचं बोला.”

बाळूबद्दल सांगायला पाहिजे. आता तो मोबाईलचे कव्हर आन् काचा विकतो, पण मधी पुण्याला एका वसुलीच्या एजन्सीत फोनवर होता. तिथून तो का परत आला, हे विचारलं की आधी ‘पुण्याचं पाणी मानवलं नाही’ म्हणायचा. आज मोकळा बोलला.

“हप्ता चुकला की तुमचं नाव पहिल्या बकेटात. 30 दिवस गेले की दुसऱ्या, 60 नंतर तिसऱ्या. 90 उलटले की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी बुडीत. पहिल्या बकेटात मॅडम बोलती, गोड. सर, विसरलात का सर. खालच्या बकेटात आमच्यासारखे. पगार थोडा, कमिशन वसुलीवर. नंबर मशीन लावतं, तुम्ही उचलला की आम्ही कानात. टार्गेट हुकलं की टीम लीडर आमची आय-माय काढायचा, आम्ही ती तशीच पुढं पाठवायचो.”

“शिव्या द्यायला ट्रेनिंग असतं का रे?” सलीमभाईंनी विचारलं. त्यांचं मोटर रिवायंडिंगचं दुकान. कुठल्याही गोष्टीत तार कुठं जळाली तेवढंच त्यांना बघायचं असतं.

“उलटं हाय. रीतसर एजंट व्हायचं तर कोर्स असतो, परीक्षा असते, सर्टिफिकेट असतं. आमच्या खोलीत ते भिंतीवर एकाच्या नावाचं होतं. तो माणूस मी कधी बघितला नाही.”

मुकादम इतका वेळ तंबाखू मळत होते. त्यांचं खरं नाव मतदार यादीत असेल. वीस-वीस कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या नवरा-बायकोच्या जोड्या, घेऊन कधी सांगलीकडं, कधी कर्नाटकात गेलेला माणूस. “वसुली आम्हीबी केली,” ते म्हणाले. “उचल घेऊन कोयता पळाला तर कारखाना मह्या मानेवर बसायचा. पण मी त्याच्या दारात जायचो. तोंडावर बोलायचो. त्याच्या सोयऱ्याला चोरून फोन नाही लावला कधी.”

“मामा, लोकांचे बैल सोडून आणलेत तुम्ही.”

“आणले. परत पण केले.”

“एक जोडी.”

“ती दुसरी म्हातारी होती,” मुकादम म्हणाले, आणि आम्ही हसलो. दत्ता मात्र हसला नाही, कारण सोयऱ्याची गोष्ट त्याच्या जिव्हारी होती.

त्याच्या धाकट्या बहिणीची सोयरीक केजकडं जमत आली होती. कार्डावर घरचा नंबर म्हणून त्यानं साडूचा दिलेला, आणि हे स्थळ साडूनंच आणलेलं. वसुलीवाल्यानं साडूला सकाळी साडेसहाला फोन करून सांगितलं की तुमचा माणूस फ्रॉड आहे, पोलिस गाडी घेऊन निघालेत. साडूनं घाबरून ते तिकडच्या मंडळींना सांगितलं. वरून म्हणतो, उगं मागून कळायला नको. पुढच्या बैठकीत मुलाच्या चुलत्यानं सगळ्यांसमोर विचारलं, “फ्रीजचे पैसे फेडता येईनात, मग लग्न कसं करून द्यायलेत?” दत्ताची आई त्या दिवसापासून फ्रीज उघडतच नाही. बंद करून वर देव्हाऱ्यातली जुनी पितळी भांडी ठेवलीत. बिघडलेल्या वस्तूसारखा उभा हाय, दत्ता म्हणाला.

जरा वेळ कोणी बोललं नाही.

मग विलास बोलला. हा एलएलबीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत गेलता, तेव्हापासून आम्हाला फुकट सल्ला आहे. “काय होत नाही रे. सिव्हिल मॅटर हाय. सिम फेकून दे, नवं घे. कोण येतंय फ्रीज न्यायला?”

“तू वकील झाला नाहीस ते कोर्टावर उपकार झाले,” बाळू म्हणाला. “नुसतं कर्ज थकलं म्हणून पोलिस उचलत नाही, हे खरं. पण हप्ता बँकेतून आपोआप कापायची सही दिलेली असती आन् तो परत गेला, तर पेमेंट अँड सेटलमेंट कायदा 2007 मधलं कलम 25 हाय. चेक बाउन्ससारखंच. दोन वर्षांपर्यंत शिक्षा लिहिलीय त्यात. फक्त त्याला आधी लेखी नोटीस लागते, मिळाल्यावर 15 दिवस भरायला असतात, मग कोर्ट. फोनवरचा पोरगा ‘पोलिस निघालेत’ म्हणतो ती थाप. पण कागद आला तर तो वाचायचा, चुलीत नाही घालायचा. आन् सिम फेकलं तर सिबिलात, कर्जाच्या नोंदवहीत, जे पडायचं ते पडतंच. उद्या ट्रॅक्टर घ्यायला गेला की निघतं.”

विलास म्हणाला, “मी तेच म्हणत होतो.” तो नेहमी तेच म्हणत असतो.

“मग करायचं काय?” सलीमभाई. “तार सांग.”

बाळूनं बोटांवर मोजायला घेतलं आणि अर्ध्यात सोडून दिलं, कारण मुकादम मध्येच थुंकायला उठले आणि त्याच्या पायावर पाय पडला. तरी जे बोलला ते कामाचं होतं. रिझर्व्ह बँकेनं 12 ऑगस्ट 2022 ला काढलेल्या परिपत्रकात लिहिलंय की वसुलीचा फोन सकाळी 8 च्या आधी नाही, संध्याकाळी 7 नंतर नाही. धमकी नाही, चारचौघांत अब्रू काढायची नाही, घरच्यांना, ओळखीच्यांना, रेफरन्सवाल्यांना छळायचं नाही. एजंट बाहेरचा असला तरी जबाबदारी कंपनीचीच. तेव्हा फोन रेकॉर्ड करायचा. नाव, एजन्सी, कोणत्या कंपनीकडून, हे विचारायचं. तारीख-वेळ वहीत. मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल, आणि त्यातच लिहायचं की हप्ता कधी भरू शकतो.

“ते कशाला?” विलास.

“कारण पैसे द्यायचेत, लेका. पैसे फ्रीजचे द्यायचेत, बहिणीची सोयरीक मोडायला नाही द्यायचे. 30 दिवसांत उत्तर नाही आलं नाहीतर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं. त्यांच्या तक्रारीच्या सीएमएस पोर्टलवर ऑनलाइन, फुकट. अडलं तर 14448 लावायचा. फार धमकी दिली तर पोलिसात अर्ज द्यायचा, भिऊन घरात नाही बसायचं.”

“आन् पैसे भरायचे तर त्या फोनवाल्यालाच का?”

“अजिबात नाही, भाई. ‘मह्या यूपीआयवर टाक, सेटल करतो’ म्हणणारा निम्म्या वेळी स्वतःचं सेटल करायला असतो. कंपनीच्या ॲपवर नाहीतर कर्जखात्यावर भरायचं, पावती ठेवायची. आन् ‘सेटलमेंट’ला, म्हणजे कमी पैशात मिटवायला, लगेच हो म्हणायचं नाही. सिबिलात पूर्ण फेडलं असं येत नाही त्यात.”

गुर्जी अस्वस्थ झाले. “सगळे नियम बुडवणाऱ्याच्या बाजूनं. ज्यानं विश्वासानं पैसा दिला त्याचं काय? घेतलेला पैसा ठरल्या दिवशी परत करणं हा संस्कार असतो.”

बाळूनं चहाचा ग्लास खाली ठेवला. “गुर्जी, त्या मल्टीस्टेट पतसंस्थेत तुमची ठेव किती अडकली?”

बीड जिल्ह्यात हा प्रश्न विचारायचा नसतो. कट्ट्यावर प्रत्येकाच्या घरात कोणी ना कोणी त्या रांगेत उभं राहून आलंय.

“त्या चेअरमनला कोणी सकाळी साडेसहाला फोन करतंय का? त्याच्या साडूला? तुमचे लाखात अडकलेत, तुम्ही अर्ज घेऊन हिंडायलात, आन् तुम्हालाच लोक म्हणतात की जास्त व्याजाचा मोह कामून केला. दत्ताचे दोन हप्ते, तर त्याला दिवसाला तीस फोन. संस्कार कोणाला शिकवायचा ते ठरवा.”

घाव वर्मी बसला होता. गुर्जींनी चष्मा काढून धोतरानं पुसला, मग आठवलं की आपण पँट घालतो, मग शर्टाला पुसला. मला बाळूचं बोलणं जरा जास्त वाटलं. खोटं एक अक्षर नव्हतं.

“माझी चार टक्के जास्तीची हाव होती,” गुर्जी हळूच म्हणाले.

“फ्रीजची हावच होती माझीबी,” दत्ता म्हणाला. “उन्हाळ्यात दूध नासायचं.”

तेवढ्यात गुर्जींचा मोबाईल वाजला. अनोळखी नंबर. सव्वासात वाजले होते. बाळूनं खूण केली, स्पीकरवर टाका.

“हां अंकल, वो दत्ता का क्या हुआ? तुम्हारा आदमी है ना? तुम भरोगे क्या?”

गुर्जी आयुष्यभर हिंदी शिकवत आले होते. ते उभे राहिले. “बेटा, पहले ‘तुम’ नहीं. ‘आप’. दूसरी बात, अपना पूरा नाम बताओ.”

“नाम से क्या करना है?”

“हाजिरी लेनी है. पूरा नाम, एजन्सी का नाम, किस कंपनी की ओर से. और घड़ी देखो. कितने बजे हैं?”

“अंकल, पेमेंट...”

“मैंने समय पूछा है, पेमेंट नहीं पूछा. सात बजे के बाद फोन करना मना है, यह कौन-से परिपत्रक में लिखा है? नहीं मालूम? तो कल दस बार लिखकर लाना. और जिसने कर्ज नहीं लिया उसको तंग करना...”

पलीकडून फोन ठेवला गेला. गुर्जी तरी आणखी दोन वाक्यं बोलले.

सलीमभाई पायरीवरून घसरायचे राहिले. दत्ता इतक्या दिवसांत पहिल्यांदा पोट धरून हसला. हॉटेलवाल्यानं तिकडून ओरडून विचारलं की काय झालं, तर विलास म्हणाला, “मी म्हणत होतो ना, काय होत नाही.”

“रिझर्व्ह बँकेला हे सुचलंच नव्हतं,” बाळू म्हणाला.

मुकादम तंबाखू झटकत जवळ सरकले. “गुर्जी, मह्या पुतण्याचा ट्रॅक्टरचा फॉर्म भरायचाय. रेफरन्सला तुमचा नंबर टाकू का?”

“माझा पण,” सलीमभाई म्हणाले. “पोरगा मोटरसायकल मागायलाय.”

गुर्जी सायकलकडं निघाले. रागानं निघाले असं दाखवत होते, पण छाती जरा पुढं होती. पायडलवर पाय ठेवून मागं वळले.

“सातच्या आत करा म्हणावं. नंतर मी बातम्या बघतो.”