दोर धरून उभे राहू नका: चिखलातल्या ‘फोर बाय फोर’च्या मेसेजला उत्तर

पहिल्या पावसानंतर सड्यावर अळंबी उगवावीत तसा हा मेसेज यंदाही उगवला आहे. ‘फोर बाय फोर चिखलात रुतली? जेसीबीवाल्याला ३००० देऊ नका! ६ सोप्या युक्त्या, ५ मिनिटांत गाडी बाहेर. सर्व ग्रुपवर पाठवा.’ (फोर बाय फोर म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी गाडी.) इतके दिवस दुर्लक्ष करून भागलं. आता तो राजापुरात भाच्याच्या फोनवर पोचला आणि त्या पोराने बंदरावरून होडीचा पिवळा दोर आणून थारच्या डिकीत टाकला. सहांतली एक युक्ती सरळसरळ माणूस मारणारी आहे. सुरुवात तिच्यापासूनच करतो, क्रम गेला खड्ड्यात.

युक्ती ३ आणि ४ जोडीने येतात: ‘दोर टो-बॉलला किंवा बंपरखाली मिळेल तिथे बांधा. भरपूर ढील ठेवा. पुढच्या गाडीने ४० च्या स्पीडने झटका द्यावा. दोर उडू नये म्हणून दोन जणांनी तो मधोमध धरून ठेवावा.’

धरून ठेवावा! हे लिहिणाऱ्याने ताणलेला दोर तुटताना कधी पाहिला नसणार.

हिशेब करू. दीड टनाची गाडी ताशी ४० किलोमीटरने निघाली तर तिच्यात साधारण ९२ हजार ज्यूल ऊर्जा असते. वेगवान गोलंदाजाने १४० च्या वेगाने टाकलेल्या चेंडूत ती जेमतेम १२० ज्यूल. म्हणजे साडेसातशेहून जास्त चेंडूंचा मार एका दोरात कोंबायचा, आणि तो दोर दोघांनी हातात धरायचा. दोर तुटला तर तळहाताची सालटी निघणं हा त्यातल्या त्यात स्वस्त सौदा. खरी भीती दोराच्या टोकाला लटकलेल्या लोखंडाची. टो-बॉल ट्रेलर संथपणे ओढण्यासाठी असतो, झटका सोसण्यासाठी नाही. तो मानेत तुटला की मुठीएवढा लोखंडी गोळा दोरासकट गोफणीतून सुटल्यासारखा येतो आणि समोरच्या गाडीची काच त्याला अडवत नाही. बंपरखाली ‘मिळेल तिथे’ म्हणजे बहुधा ट्रकवर गाडी चढवताना बांधायच्या कड्या. बंपरमधलं चौकोनी झाकण काढून पेचाने बसवायचा डोळा मिळतो, तोही बंद पडलेली गाडी डांबरी रस्त्यावर हळू ओढण्यापुरता.

ऑस्ट्रेलियात हा प्रकार इतक्या वेळा जिवावर बेतला आहे की झटक्याने गाडी काढायचे पट्टे विकताना त्यांवर कोणते इशारे हवेत, हे तिथल्या सरकारने कायद्याने ठरवून दिलं आहे. पट्टा फक्त गाडीच्या ठरलेल्या रिकव्हरी पॉइंटलाच (रुतलेली गाडी ओढण्यासाठी चासीला पक्क्या बसवलेल्या हुकालाच) लावायचा. त्याची ताकद दोन गाड्यांतल्या हलक्या गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दुप्पट ते तिप्पट हवी. पट्ट्यावर मध्ये जाड गोधडी किंवा भरलेली पिशवी टाकायची. बघ्यांनी पट्ट्याच्या लांबीच्या किमान दीडपट दूर राहायचं. पट्टा भिजला की त्याची ताकद घटते, हेही त्यात आहे. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कोरडा पट्टा मिळणार कुठे?

आता हे कोकणातल्या पाणंदीत लावून बघा. पट्टा ९ मीटरचा असेल तर माणसं साडेतेरा मीटर लांब हवीत. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, मध्ये जेमतेम एक गाडी जाईल एवढी वाट आणि गाडी रुतली म्हणताच जमलेली अर्धी वाडी. अशा जागी झटक्याचं नावच काढायचं नाही. जी गोधडीची जागा आहे तिथे दोन माणसं उभी करणाऱ्याला काय म्हणावं!

दुप्पट-तिप्पट या आकड्याला वरचं टोकही आहे, हे विसरू नका. भरलेली गाडी सव्वादोन टनांची धरली तर पट्टा साडेचार ते पावणेसात टनांचा. ‘मजबूत असावा’ म्हणून १५ टनांचा आणला तर तो ताणतच नाही, आणि ताणणं हेच तर त्याचं काम. नायलॉनचा पट्टा किंवा दोर लांबीच्या २०-३० टक्के ताणतो, ऊर्जा साठवतो आणि गाडीला हळूहळू वाढणारी ओढ देतो. भाच्याचा पिवळा दोर बहुतेक पॉलिप्रॉपिलीनचा आहे, नायलॉनचा नाही. तुकडा बादलीत टाकून बघा, तरंगला तर नायलॉन नक्की नाही, कारण नायलॉन बुडतं. (बुडला म्हणजे नायलॉनच असंही नाही, पॉलिएस्टरही बुडतं.) शिवाय त्याला गाठ मारणार, आणि गाठीपाशी दोराची ताकद निम्म्यापर्यंत उतरते. मासेमारीला उत्तम दोर आहे, तिकडेच शोभतो. दोन पट्टे जोडायची वेळ आली तर मध्ये लोखंडी शॅकल (पिन घालून बंद करायची कडी) कधीही नको. एकाचा फास दुसऱ्यातून ओवा आणि घट्ट बसू नये म्हणून मध्ये वर्तमानपत्राची सुरळी घाला.

झटका द्यायचाच असेल तर तो असा: दोन्ही गाड्या शक्यतो एका रेषेत, पट्टा चासीला बोल्ट केलेल्या हुकांना, ढील एक-दोन मीटर, ओढणारी गाडी लो रेंजमध्ये (फोर बाय फोरच्या कमी वेगाच्या, जास्त ताकदीच्या गिअरमध्ये) आणि वेग चालत्या माणसापेक्षा थोडा जास्त, ताशी १० च्या आत. ४० ऐवजी १० म्हणजे वेग चौथाई, पण ऊर्जा सोळावा हिस्सा. रुतलेल्या गाडीतल्यानेही त्याच वेळी हलकी रेस द्यायची. गाड्यांत फक्त दोन चालक. दोन-तीन प्रयत्नांत हलली नाही तर जोर वाढवू नका, फावडं काढा.

फावडं. सगळ्या मेसेजमध्ये हा शब्द एकदाही नाही, आणि खरी युक्ती तीच आहे. गाडी ओढायला किती जोर लागेल याचा जुना ठोकताळा आहे: चाकं बुडेपर्यंत रुतली तर गाडीच्या वजनाइतका, चिखल मडगार्डपर्यंत आला तर दुप्पट. दोन टनांच्या गाडीला चार टन. अर्धा तास खणून तोच जोर निम्म्यावर येतो, फुकटात. आधी पोटाखालचा चिखल काढा, विशेषतः डिफरन्शिअलच्या (अॅक्सलवरच्या, दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) गोळ्यापुढचा. तो गोळा नांगरासारखा रुतून बसतो. मग चारही चाकांपुढे उतार खणा, उभा खड्डा नको. स्टिअरिंग सरळ करा, कारण वळलेली पुढची चाकं आडव्या भिंतीसारखी अडतात. आणि ज्या चाकोरीतून आत गेलात तिच्यातूनच मागे या. ती दाबली गेलेली असते, पुढे काय आहे कोणाला ठाऊक.

युक्ती १: ‘पहिला गिअर, फुल रेस. फोर बाय फोर आहे, निघतेच.’ ही गाडी मारणारी. डिफरन्शिअल लॉक (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारी सोय) नसेल तर प्रत्येक अॅक्सलवर हलकं पडलेलं चाकच गरगरतं. लाल चिकणमाती टायरच्या खाचांत भरली की महागडा टायरही गुळगुळीत रूळ होतो आणि खाली खणत जातो. भाताच्या खाचरात वर लोण्यासारखी चिखलणी असली तरी खाली नांगराने घट्ट केलेला थर असतो, म्हणून तिथे कधी कधी रेसने गाडी निघते आणि या सल्ल्याला पुरावा मिळतो. खाडीकाठच्या खाजणात तसा तळ हाताशी लागत नाही. तिथे प्रत्येक सेकंदाला गाडी खाली जाते. आणि जोरात गरगरणाऱ्या चाकाला एकदम दगड लागला की अॅक्सल नाहीतर सीव्ही जॉइंट (चाकाला ताकद पोचवणारा सांधा) जातो. चाक फिरलं आणि गाडी हलली नाही की पाय काढायचा. गाडी थांबवून लो रेंज, लॉक असेल तर लॉक, आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळुवार सोडून बघायचं.

युक्ती २, हवा सोडणे. बरं, हे अर्धं खरं आहे. वाळूत तर पूर्ण खरं. पण ‘निम्म्याहून जास्त सोडा’ हे नाही. १८ पीएसआयपर्यंत (हवेच्या दाबाचं माप) उतरा, फारच अडलं तर १५. १२ च्या खाली साध्या रिमवरून टायर निसटू शकतो, आणि चिखलात तो परत बसवणं म्हणजे वेगळीच पूजा. हवा भरायचा पंप बरोबर नसेल तर सोडूच नका. तेवढ्या हवेवर घाट उतरायचा नसतो.

युक्ती ५: चाकाखाली फ्लोअर मॅट, झावळ्या, चिरे. मॅट बंदुकीतून सुटल्यासारखी मागे जाते, मागे ढकलणारा असेल तर त्याच्या नडगीवर. ओली झावळी चाकाखाली भिरभिरते आणि शाफ्टला गुंडाळते. चिरा चाकापुढे नुसता टाकून उपयोग नाही. फळीवर जॅक ठेवून (नुसता जॅक चिखलात जातो) चाक उचला, खाली चिरे नीट रचा, मग उतरवा. तेही गाडीखाली डोकं न घालता.

युक्ती ६: ‘सायलेन्सर पाण्यात गेला तर इंजिन बंद करू नका.’ इंजिनात हवा घेणारं नळकांडं कोरडं असेल तोवर ठीक. पण पाण्यात इंजिन आपोआप बंद पडलं असेल तर परत स्टार्टर मारू नका. आत पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आणि सायलेन्सर चिखलाने बुजलेला असताना काचा लावून आत बसून राहू नये, धूर आत येतो.

शेवटी ‘किनाऱ्यावरही हीच पद्धत वापरा’ अशी ओळ आहे. किनाऱ्यावर मुळात गाडी नेऊ नये, पण गेलीच असेल तर आधी भरती बघा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला सहा, म्हणजे बाराच्या सुमारास ओहोटी संपून पाणी परत चढायला लागलंच. लाट चाकाला लागली की खालची वाळू पातळ होते आणि मग पाच मिनिटं वगैरे काही उरत नाही.

राहिले जेसीबीवाल्याचे तीन हजार. द्या. सावकाश, सलग ओढ झटक्यापेक्षा केव्हाही बरी. फक्त साखळी बकेटच्या दाताला अडकवून गाडी वर उचलू देऊ नका. ट्रॅक्टर मिळाला तर दोर त्याच्या खालच्या ड्रॉबारलाच (ओढायच्या दांड्यालाच) बांधा. वर, सीटच्या मागे बांधला तर ट्रॅक्टर पुढून उठून चालकावर उलटतो. विंचला (दोर गुंडाळून गाडी ओढणाऱ्या यंत्राला) झाड लागणार असेल तर आंबा किंवा फणसाचं जुनं खोड बघा, बुंध्याला अगदी खाली रुंद पट्टा गुंडाळा. माडाची मुळं तंतूंची आणि उथळ, पोफळ तर विसराच, आणि कोणाच्या हापूसच्या कलमाला हात लावलात तर गाडीपेक्षा मोठं भांडण निस्तरावं लागेल.

गाडी निघाल्यावर रिमच्या आतला चिखल धुऊन काढा, नाहीतर ६० वर स्टिअरिंग थरथरतं आणि लोक अलाइनमेंटला पैसे घालतात. दोन दिवसांनी डिफरन्शिअलचं तेल बघा. गरम अॅक्सल गार पाण्यात बुडला की ब्रीदरमधून (हवा ये-जा करायच्या भोकातून) पाणी आत ओढतो. तेल दुधी दिसलं तर लगेच बदला.