मामांचा स्टॅक

प्रोग्रॅमिंगच्या क्लासचं डेमो लेक्चर पोरांसाठी असतं, पोरांच्या मामांसाठी नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. पण हे मामांना कोण सांगणार? नवी पेठेत चादरींचं दुकान, भाच्याची फी तेच भरणार, त्यामुळे पहिल्या बाकावर प्रशस्त बसले आणि बसल्या बसल्या म्हणाले, "सर, कम्प्युटर कधी चालू करताय?"

म्हटलं, आज कम्प्युटर नाही, आज वही-पेन्सिल. आधी कागदावर प्रश्न सोडवायचा, मग टाईप करायचं. मामांनी भाच्याकडं बघितलं. फी वाया गेली, हे त्या बघण्यातच आलं.

विषय होता स्टॅक, म्हणजे कम्प्युटरमध्ये माहिती एकावर एक रचून ठेवायची पद्धत. शेवटी ठेवलेलं आधी निघतं, मधल्याला हात लावायचा नाही, एवढीच गोष्ट. इंग्रजी पुस्तकांत जेवणाच्या ताटल्यांचं उदाहरण असतं, आपण सोलापुरात, म्हणून मी चादरींची चळत घेतली. इथंच माझं लेक्चर मामांच्या ताब्यात गेलं.

"मधली काढता येत नाय? आमी रोज काढतो की ओ!"

आणि नुसतं बोलून थांबले असते तर मामा कसले. उठले, टेबलावर पोरांच्या जर्नल्सचा गठ्ठा होता, डाव्या हाताचा पंजा वर दाबून धरला, उजव्या हातानं मधलं जर्नल असं काही झटकन ओढलं की वरची खालची पानंसुद्धा हलली नाहीत. वर्गानं टाळ्या वाजवल्या. बायनरी सर्चला आजवर एकानंही टाळी वाजवलेली नाही, हे इथं नमूद करून ठेवतो.

म्हणून मी मुद्दाम बायनरी सर्चवरच गेलो. क्रमानं लावलेल्या हजार वस्तूंतून एक शोधायची तर दरवेळी मधली बघायची, अर्धा ढीग बाद करायचा, जास्तीत जास्त १० वेळा बघून काम होतं, कारण २ चा दहावा घात १०२४. मामा म्हणाले, "धा वेळा? तवर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल. आमच्याकडं पोराला नुसतं सांगायचं, निळी डबल, मोराची. डोळे झाकून तिसऱ्या रॅकच्या चौथ्या खणात हात घालतो."

मागून आवाज आला, "अबे, हे तर हॅशिंग हाय की बे!"

हॅशिंग म्हणजे वस्तूच्या नावावरूनच तिचा खण काढायचा आणि थेट तिथं हात घालायचा. ते मी दिवाळीनंतर घेणार होतो. तरी हार मानायची नाही म्हणून विचारलं, दोन वेगळ्या चादरींचा खण एकच निघाला तर?

"एकाखाली एक ठेवायच्या. त्यात काय?"

याला चेनिंग म्हणतात. यावर मी स्लाइड्स केल्यात, त्यातले बाण एकेक करून सरकतात, रात्री जागून बसवलेत ते. मामांना बाण लागले नाहीत.

आता राग मामांचा येतो का? येतो, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त पोरांचा येतो. मामांनी दुकानात डोकं चालवलंय, ही पोरं चालवायलाच तयार नाहीत. दोन व्हेरिएबलमधल्या, म्हणजे नाव दिलेल्या दोन खणांमधल्या, किमती अदलाबदल करा म्हटलं की हात पेन्सिलीकडं जायच्या आधी मोबाईलकडं जातो, आणि मोबाईलनं दिलेलं उत्तर चाललं नाही की "सर, एरर येलालंय" म्हणून माझ्याकडं. काय एरर आहे ते वाच म्हटलं तर वाचायचं पण नाही, लाल अक्षर दिसलं की मान वर.

सोपं आहे सर, असं म्हणणाऱ्यांना मी एक खरी गोष्ट सांगतो. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या स्वतःच्या लायब्ररीतल्या, म्हणजे तिच्याबरोबर तयार मिळणाऱ्या कोडमधल्या, बायनरी सर्चमध्ये चूक होती, कित्येक वर्षं कुणाच्या लक्षात आली नाही, २००६ साली जोशुआ ब्लॉकनं ती जाहीर केली, आणि तो कोड त्यानंच लिहिलेला. मधला नंबर काढायला दोन टोकांची बेरीज करायची, ॲरे, म्हणजे नंबर लावलेली यादी, अवाढव्य असला की बेरीज २१४ कोटींच्या पुढं जाते, इंटिजरमध्ये, म्हणजे पूर्णांकासाठी ठरलेल्या जागेत, मावत नाही आणि उत्तर मायनस येतं. इतक्या साध्या बेरजेत! पोरं विचारतात, सर, हे परीक्षेला आहे का?

नाही. परीक्षेला "स्टॅक म्हणजे काय ते आकृतीसह स्पष्ट करा" एवढंच असतं. पाठ करा, चौकोन काढा, मार्क घ्या. मग मी वही-पेन्सिल घेऊन वर्षभर घसा कुणासाठी कोरडा करतोय, तेही उन्हाळ्यात, पत्र्याखाली, पंखा गरम हवाच फिरवत असताना?

मामांनी भाच्याचं नाव मात्र घातलं. पाचशे कमी दिले. का म्हणून विचारलं तर म्हणाले, "अर्धं तर मीच शिकवलो की ओ सर." वर एक टॉवेल दिला. टॉवेल चांगला आहे.