विमानतळावरील फोन-तपासणी : फिरत्या संदेशाबाबत खुलासा

अमेरिकेत मुलांकडे निघालेल्या पालकांमध्ये एक संदेश फिरतो आहे, की रायली खटल्यातील 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे तिथल्या विमानतळावर वॉरंटशिवाय फोन तपासता येत नाही. हे खरे नाही. तो निकाल अटक झालेल्या व्यक्तीच्या फोनबाबत आहे. सीमेवरील तपासणीला त्याने वॉरंटची अट घातलेली नाही.

मर्यादा मात्र आहेत. तिथल्या सीमाशुल्क व सीमा संरक्षण विभागाच्या जानेवारी 2018 च्या निर्देशानुसार अधिकारी संशयाचे कारण नसतानाही हाताने फोन चाळून फोटो आणि संदेश पाहू शकतो. पण फोन दुसऱ्या उपकरणाला जोडून त्यातील माहिती उतरवून घ्यायची असेल, तर वाजवी संशय किंवा राष्ट्रीय सुरक्षेची बाब असावी लागते आणि वरिष्ठांची मंजुरीही लागते. तपासणी फोनमध्ये साठवलेल्या मजकुरापुरतीच असल्याने आधी त्याचे इंटरनेट बंद करावे लागते. फोन ठेवून घेतला, तर पावती अवश्य मागून घ्यावी; एरवी तो 5 दिवसांहून अधिक ठेवता येत नाही, मात्र वरिष्ठ ही मुदत वाढवू शकतात.

‘पासवर्ड देऊच नका’ हा संदेशातला सल्ला तर फार घातक आहे. नकार देणाऱ्या अमेरिकी नागरिकाचा फोन अडकला, तरी त्याला प्रवेश मिळतोच. व्हिसावर गेलेल्या आईवडिलांना मात्र तिथूनच परत पाठवले जाऊ शकते.