विटांवर ठेवलेल्या गाडीखाली जाऊ नका: 'सात गुपितं' या मेसेजला उत्तर

गेल्या रविवारी सकाळी पुण्यात सहकारनगरला ताईकडे गेले. फाटक उघडलं तर समोर पार्किंगमध्ये भाच्याची कॉन्टेसा (हिंदुस्थान मोटर्सची जुनी गाडी) आणि तिच्या खालून बाहेर आलेले भाच्याचे दोन पाय. गाडी मागून उचललेली होती. एका बाजूला बॉटल जॅक (बाटलीसारखा दिसणारा हायड्रॉलिक जॅक), दुसऱ्या बाजूला एकावर एक रचलेल्या चार विटा. मी ओरडले नाही, दचकून तो हलला असता. हळूच म्हटलं, "जसा आत गेलास तसाच सरळ बाहेर ये." तो बाहेर आल्यावर मात्र भरपूर ओरडले. त्यावर त्याचं उत्तर: "अगं मावशी, ग्रुपवर आलंय. काकांनीच पाठवलं."

मेसेज असा आहे: 'जुनी गाडी घरच्या घरी नवी करा. गॅरेजवाले लपवतात ती सात गुपितं.' एक, गंजावर कोला ओतून घासा आणि भोकात एम-सील भरून रंग मारा. दोन, घाटात गाडी तापत असेल तर थर्मोस्टॅट काढून टाका, तो थंड देशांसाठी असतो. तीन, ब्रेक ऑइल कमी झालं तर घरात असेल ते ऑइल टाका, शेवटी ऑइल ते ऑइल. चार, पेट्रोलमध्ये डांबरगोळ्या टाकल्या की पिकअप वाढतो. पाच, ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा त्रास टू-स्ट्रोक ऑइल मिसळलं की जातो. सहा, गाडीखाली काम करायला महागडे स्टँड लागत नाहीत, जॅक आणि चार विटा पुरतात. सात, १५ वर्षांनंतर गाडी पास होत नाही, पण विंटेज नंबर घेतला की कोणी विचारत नाही.

हा मेसेज मला आठवड्यात तीनदा आला आहे. भोसरीच्या एका कारखान्यात रबराच्या भागांच्या चाचणी विभागात मी २६ वर्षं काढली. घरी बाबांची कॉन्टेसा क्लासिक आहे, तिचे ब्रेक, कार्ब्युरेटर आणि कूलिंग मी स्वतः बघते. पत्र्याचं काम मला येत नाही, ते मी डेंटरकडेच देते. त्यामुळे घरी काम करण्याला माझा विरोध आहे असं कोणी समजू नये. भाच्याला पहिला पाना मीच हातात दिला.

सहाव्या मुद्द्यापासून सुरू करते. बाकीच्या बहुतेक सल्ल्यांनी गाडी बिघडेल, या सल्ल्याने माणूस जाईल.

वीट दाब सहन करते हे खरं. भिंतीत ती मजल्याचं वजन पेलते, कारण तिथे वजन विटेच्या सगळ्या पृष्ठभागावर सारखं पसरलेलं असतं. गाडीखाली तसं नसतं. अ‍ॅक्सलचा किंवा पत्र्याचा अरुंद भाग विटेच्या एखाद्याच जागी टेकतो, विटा एकमेकींवर नीट बसत नाहीत, आणि खालच्या विटेत भट्टीतली चीर असेल तर ती बाहेरून दिसत नाही. लोखंड मोडण्याआधी बहुधा वाकतं, म्हणजे निदान कळतं तरी. वीट वाकत नाही. ती उभी असते आणि पुढच्या क्षणी तिचे तुकडे झालेले असतात. सिमेंटचे पोकळ ब्लॉक याहून वाईट. कॉन्टेसाचं वजन टनाच्या वर आहे. त्यातलं अर्धं जरी छातीवर आलं तरी श्वास घेता येत नाही, हाक मारणं दूरच.

आता जॅक. हायड्रॉलिक जॅकमध्ये गाडी तोलून धरतं ते आतलं तेल, आणि त्या तेलाला अडवून धरतं एक छोटं रबरी सील. माझं अर्धं आयुष्य अशी सीलं तपासण्यात गेलं. त्यांना वय असतं, त्यांच्यावर ओरखडे पडतात, कण अडकला की ती गळतात. संध्याकाळी उचललेली गाडी सकाळी दोन बोटं खाली आलेली दिसते ती यामुळेच. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नसतो. गाडीबरोबर येणाऱ्या पुस्तकांत हीच सूचना ठळक छापलेली असते.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट असते. बंगल्याच्या किंवा सोसायटीच्या पार्किंगला पाणी वाहून जावं म्हणून फाटकाकडे थोडा उतार ठेवलेला असतो. कॉन्टेसाचा हँडब्रेक मागच्या चाकांवर. मागची चाकं उचलली की हँडब्रेक ओढलेला असो वा नसो, गाडीला काहीच धरून ठेवत नाही. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे हवेतच. भाच्याने एकही लावला नव्हता.

काय करायचं ते सांगते. दोन-तीन टनांचे स्टँड जोडीने घ्या, नाना पेठेत मिळतात. सपाट, कडक जमिनीवर उभे करा, फरशी पोकळ वाजत असेल तर तिथे नको. गाडी स्टँडवर उतरवली की बाजूने जोर लावून हलवून बघा. हलली तर परत लावा. जॅक काढून न टाकता हलका टेकवून ठेवा, आणि काढलेलं चाक गाडीच्या कडेखाली आडवं सरकवून द्या. घरात कोणीतरी जागं असू द्या आणि त्याला माहीत असू द्या की तुम्ही गाडीखाली आहात. स्टँड परवडत नसतील तर खालचं काम गॅरेजला द्या, वरची कामं घरी करा.

तिसरा मुद्दा, ब्रेकमध्ये कुठलंही ऑइल. हा वाचून माझे हात थरथरले, कारण याचं उत्तर मी कारखान्यात शेकडो वेळा डोळ्यांनी पाहिलं आहे.

आपण ज्याला ब्रेक ऑइल म्हणतो ते मुळात तेलच नाही. डॉट ३ आणि डॉट ४ हे ग्लायकॉल जातीचे द्रव आहेत. ब्रेकच्या मास्टर सिलिंडरमधले (पायडल जिथे द्रवावर दाब देतं तो मुख्य सिलिंडर) आणि चाकांच्या सिलिंडरमधले रबरी कप त्या द्रवाला साजेशा रबराचे असतात, आता बहुतेक ईपीडीएम या कृत्रिम रबराचे. हे रबर ग्लायकॉलमध्ये वर्षानुवर्षं टिकतं. इंजिन ऑइल, पॉवर स्टीअरिंग ऑइल अशा खनिज तेलात मात्र ते फुगतं. आम्ही नमुना तेलात बुडवून गरम ओव्हनमध्ये ७० तास ठेवायचो आणि आधीचं-नंतरचं वजन घ्यायचो. खनिज तेलातून निघालेला ईपीडीएमचा कप हातात घेतला की मऊ, फुगलेला, आकार हरवलेला.

आता तोच कप मास्टर सिलिंडरमध्ये आहे असं समजा. तिथे एक बारीक भोक असतं, पायडल सोडलं की द्रव त्यातून टाकीत परत जातो. फुगलेला कप ते भोक झाकतो. द्रव परत जात नाही, ब्रेक सुटत नाहीत, ड्रम तापतात, गाडी जड चालते. लोकांना वाटतं इंजिनची ताकद गेली. मग एक दिवस कप फाटतो आणि पायडल थेट तळाला जातं. हे कात्रजच्या किंवा खंबाटकीच्या उतारावर झालं तर?

या मुद्द्यावर एवढे आकडे लक्षात ठेवले तरी पुरे. नवा डॉट ३ द्रव किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळायला हवा, आणि पाणी शोषलेला किमान १४० अंशांना, असं अमेरिकेचं वाहन सुरक्षा मानक ११६ सांगतं. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. म्हणजे बाटलीतला योग्य द्रवसुद्धा हवेतली ओल शोषून इतका उतरतो, आणि तो उकळला की पायडल दाबूनही ब्रेक नीट लागत नाहीत. आपल्या पावसाळ्यात झाकण सैल राहिलेली बाटली वापरूच नये, आणि गाडीतला द्रव दोन वर्षांनी बदलावा. इतकं काटेकोर जिथे आहे तिथे 'ऑइल ते ऑइल' म्हणणारा माणूस कुणाच्या तरी घरचा दिवा विझवेल.

जाता जाता: जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ते फुप्फुसांना घातक, म्हणून ड्रम उघडल्यावर धूळ फुंकू नका, हवाही मारू नका. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

दुसरा मुद्दा थर्मोस्टॅटचा, आणि हा सल्ला मेसेजच्या कितीतरी आधीपासून फिरतोय. चांगले चांगले मिस्त्रीसुद्धा देतात. म्हणे आपल्याकडे उकाडा, आपल्याला तो कशाला? थर्मोस्टॅटला बाहेरच्या हवेशी देणंघेणं नाही. त्यात मेणाची गोळी असते. इंजिनातलं पाणी ८० अंशांच्या आसपास गेलं की मेण वितळून फुगतं आणि रेडिएटरची वाट उघडते. तोपर्यंत पाणी इंजिनातच फिरतं, म्हणजे इंजिन लवकर कामाच्या तापमानाला येतं. पुण्यात मे महिन्यातल्या दुपारीसुद्धा हवा ४० अंश असते आणि इंजिनाला ८० हवे असतात. थंड चालणाऱ्या इंजिनात पेट्रोल नीट जळत नाही, थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून तेलात उतरतं, तेल पातळ होतं, झाकणाखाली पांढरट चिकटा जमतो आणि त्या भिंती झिजतात.

शिवाय बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची, म्हणजे पाणी इंजिनातच फिरवणारी वाट बंद करतो. तो काढला की गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला न जाता तसाच गोल फिरतो. म्हणजे ज्या घाटासाठी काढला तिथेच गाडी जास्त तापू शकते.

बंद अवस्थेत अडकलेला थर्मोस्टॅट गाडी तापवतो, एवढं मला मान्य करावं लागेल. असा अडकलेला काढून गाडी घरापर्यंत आणली तर हरकत नाही. पण मग नवा बसवायचा. जुना तपासायचा असेल तर गॅसवर पातेल्यात पाणी ठेवा, थर्मोस्टॅट दोऱ्याने असा सोडा की तळाला टेकणार नाही, शेजारी थर्मामीटर धरा. त्याच्यावर कोरलेल्या अंशाच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच असल्याने उघड्या पातेल्यात पाणी ९८ अंशांनाच उकळतं, पण ८२ च्या थर्मोस्टॅटला तेवढं पुरतं. तो ठीक निघाला तर दोष दुसरीकडे आहे: बोअरवेलच्या पाण्याच्या क्षारांनी भरलेला रेडिएटर, सैल पट्टा, दाब न धरणारं झाकण. रेडिएटर खोलून सळई मारून घ्या आणि पुढे डिस्टिल्ड वॉटर व कूलंटच घाला.

बाकीचे भराभर. कोलात फॉस्फोरिक आम्ल असतं आणि ते गंजावर काम करतं, हे खरं. नटबोल्ट रात्रभर बुडवून ठेवायला ठीक. पण पत्र्याच्या सांध्यात साखर राहते, तिथे ओल धरते. आणि एम-सील! दाराखालची पेटी, मागच्या चाकाची कमान, डिकीचा तळ, इथे पत्रा गाडीचा सांगाडा आहे. सडलेला कापून नवा वेल्ड करावाच लागतो. जुनी गाडी विकत घेताना चुंबक घेऊन जा. जिथे चिकटत नाही तिथे कोणीतरी लांबी (पुटी) भरून ठेवली आहे.

डांबरगोळ्या म्हणजे नॅफ्थलीन. ते पेट्रोलमध्ये विरघळतं आणि गाडी उभी राहून कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उडालं की स्फटिक होऊन मागे उरतं. मग जेट, म्हणजे पेट्रोल येण्याचं बारीक छिद्र, बंद. कॉन्टेसाला 'भारताची मसल कार' म्हणून मेसेजने वर पिकअपचं आमिष दाखवलंय. मसल कार म्हणजे मोठं व्ही-८ (आठ सिलिंडरचं) इंजिन बसवलेल्या अमेरिकन गाड्या, १९६४ च्या पाँटियाक जीटीओसारख्या. आपली कॉन्टेसा मूळची ब्रिटनची व्हॉक्सहॉल, क्लासिकमध्ये १.८ लिटरचं इसुझू इंजिन. तेच इंजिन अँबेसडर १८०० आयएसझेडमध्येही होतं, म्हणून त्याचे काही भाग अजून सापडतात. ती जशी आहे तशी सुंदर आहे, तिच्याकडून व्ही-८ ची अपेक्षा करू नका.

ई-२० चा त्रास आहे, हे मात्र नाइलाजाने कबूल करते. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्या त्याला धरून बनवल्या आहेत, आपल्या नाहीत. इथेनॉल जुने पाइप, डायाफ्रॅम, बुचाची गॅस्केटं खराब करतं, पाणी ओढतं. पण टू-स्ट्रोक ऑइल रबराला वाचवत नाही, प्लग मात्र काळे करतं. इंधनाचे सगळे पाइप इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे घाला, कार्ब्युरेटरचा किट बदला, महिनोन् महिने टाकीत पेट्रोल ठेवू नका.

सातवा. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ४१ वाचा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षं चालते आणि नूतनीकरण करता येतं, पुढे पाच-पाच वर्षांनी. तपासणी करून घ्या, शुल्क आणि कर भरा, गाडी कायदेशीर राहते. दिल्ली परिसरातले आदेश वेगळे होते, त्या बातम्या बघून इथे लोकांनी गाड्या भंगारात घातल्या याचं मला फार वाईट वाटतं. आणि विंटेज? २०२१ च्या नियमांप्रमाणे त्याला गाडी ५० वर्षांहून जुनी लागते, शुल्क २०,००० रुपये, आणि अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच. कॉन्टेसा बाजारात आली १९८४ मध्ये. तिच्यातली सगळ्यात जुनी गाडीसुद्धा २०३४ च्या आधी त्यात बसत नाही.

भाच्याच्या ब्रेकमध्ये पॉवर स्टीअरिंगचं ऑइल गेलेलं आहे, हे मला त्याच रविवारी दुपारी कळलं. आता गाडी स्टँडवर आहे, मास्टर सिलिंडर आणि चारही चाकांकडचं ब्रेकचं सगळं रबर काढून टाकलं आहे, लोखंडी पाइप स्पिरिटने धुवून वाळत ठेवलेत, शनिवारी आम्ही दोघं नाना पेठेत नवे कप आणि पाइप आणायला जाणार आहोत. तुमच्यापैकी कोणी मेसेज वाचून ब्रेकमध्ये भलतं ऑइल घातलं असेल तर गाडी कोपऱ्यापर्यंतसुद्धा चालवू नका. वरचं ऑइल काढून योग्य द्रव भरला म्हणजे झालं असं नाही, ते रबरात मुरलेलं असतं. एकूण एक रबर बदला, नाहीतर टो करून गॅरेजला न्या.