ट्रेल मेंटेनन्स करा घरच्या घरी, साहित्य : एक पहार

पाऊस पडला, टेकडी हिरवी झाली, आणि गॅलरीत जुनी चादर पांघरून उभ्या असलेल्या दीड लाखाच्या एमटीबीच्या (म्हणजे माउंटन बाइकच्या, डोंगरात चालवायच्या सायकलीच्या) चाकात सात-आठ महिन्यांनी हवा भरली गेली. अभिनंदन. आता तुम्ही पुण्यातल्या वेताळ टेकडीवर येणार. याच. टेकडी काय कुणाच्या बापाची नाही, आणि ती तशी नसल्यामुळे तिथल्या वाटा नीट ठेवणं हेही कुणाच्या बापाचं काम नाही, हे ओघानं आलंच. तरीपण तुमच्यातल्या काहींना उमाळा येतो की आपणही टेकडीसाठी काहीतरी करावं. अशांसाठी (सायकलवाले, चालणारे, पळणारे, नुसते रील काढायला येणारे, सगळेच आले त्यात) चार टिपा देतोय. अनुभव ताजा आहे, गेल्या रविवारचाच.

सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं करा की वाट आपोआप होते. पावसाळ्यात गवत येतं तशी वाट येते. एवढा धो धो पाऊस होऊनसुद्धा ऑक्टोबरात ती होती तिथेच सापडते ती वेताळबाबाच्या कृपेनं. मे महिन्यात कुणी सकाळी सकाळी घमेली वाहताना दिसलं तर ते रोजंदारीवरचे लोक असणार असं धरून चालायचं आणि "ए दादा, साइड साइड" करून जोरात निघून जायचं. (मी आयटीत आहे. ते असो.)

पाऊस चालू असतानाच या. वाट दोन दिवस सुकू द्यावी, चाकाचा ठसा बोटाच्या पेराएवढा खोल जायला लागला तर गुपचूप सायकल वळवून डांबरी रस्ता धरावा, असलं रडगाणं गाणारे लोक भेटतील, त्यांना आयुष्यात मजा करता येत नाही एवढंच. तुम्ही चिखल उडवा. उतारावर मागचा ब्रेक कचकचून दाबा आणि चाक घासत न्या, व्हिडिओत फार भारी दिसतं. आपल्या टेकडीवर माती असते जेमतेम वीतभर, खाली मुरूम, त्याखाली कातळ, आणि तो कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, म्हणजे ही वीतभर माती साठायला किती काळ गेला असेल याचा हिशोब ब्रेक दाबताना करत बसू नका, लक्ष विचलित होतं. घासलेल्या चाकाची चाकोरी पडते, पुढच्या सरीचं पाणी त्या चाकोरीतनं पळतं, चाकोरीची नळी होते आणि सप्टेंबरपर्यंत गुडघाभर घळ तयार. मग दिवाळीच्या सुट्टीत "अरे इथला सिंगलट्रॅक कुठे गेला यार" म्हणून विचारायला ग्रुप आहेच.

चालणाऱ्यांनी वाईट वाटून घेऊ नये, तुमच्यासाठीही काम आहे. डबकं दिसलं की कडेनं जा. बूट नवे आहेत. तुमच्या मागचा तुमच्या कडेनं जाईल, त्याच्या मागचा त्याच्याही कडेनं, आणि दोन फुटांची पायवाट बघता बघता टेंपो जाईल एवढी होते. एरवी रस्ता रुंद करायचा म्हणजे मोजणी, नोटिसा, हरकती, कोर्ट. तुम्ही एका जुलैत करता, तेही नुसत्या बुटांच्या प्रेमापोटी.

नागमोडी वाटेला वळणं दिलेली असतात ती तुमचा वेळ खायला, त्यामुळे सरळ मधनंच उतरायचं. मागच्या महिन्यात एका काकांना म्हटलं, काका, इथनं नका ना उतरू, माती सुटते, वळणानं गेलात तर मिनिटभरच जास्त लागेल. काका थांबले, काठी टेकली आणि म्हणाले, "मी चाळीस वर्षं इथनंच उतरतोय. तेव्हा तुमचा जन्म तरी झाला होता का?" झाला होता. मी दुसरीत होतो. पण ते सांगून काही उपयोग नव्हता. आणि चाळीस वर्षं तुम्ही इथनं उतरताय म्हणूनच इथे घळ आहे हो काका, हेही सांगितलं नाही, कारण तोपर्यंत ते घळीतनं खाली पोचले होते. खरं तर गोष्ट साधी आहे. वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नसावा आणि सरासरी 10 टक्क्यांच्या आसपास राहावा असा एक नियम ट्रेल बांधणारे जगभर पाळतात, अमेरिकेत 1988 साली निघालेली इम्बा नावाची एमटीबीवाल्यांची संघटनाही हेच सांगते. वाट डोंगराला आडवी गेली तर पाणी ती ओलांडून खाली गवतात जातं. सरळ उभी गेली तर पाण्याला वाटतं हाच ओढा. पाण्याची काय चूक? त्याला चाळीस वर्षांचा अनुभव नसतो.

स्पीकर आणा. मोरांना तुमची प्लेलिस्ट अजून पाठ झालेली नाही.

शर्यत झाली की रिबिनी झाडांवर तशाच ठेवा, पुढच्या वर्षी शोधाशोध नको.

5 जूनला झाड लावायचंच, आणि खड्डा बरोब्बर वाटेच्या मधोमध घ्यायचा कारण तिथे फोटोला अकरा माणसं उभी राहतात.

व्हॉट्सऍप ग्रुप मात्र हवाच. आमचा आहे. 212 मेंबर. रविवारी श्रमदान आहे असा मेसेज टाकला की पहिल्या पाच मिनिटांत तीस अंगठे येतात, मग दोन नमस्कार, एक "कौतुकास्पद उपक्रम", एक "या वेळी गावाला आहे, पुढच्या वेळी नक्की" (हे गृहस्थ 2021 पासून गावाला आहेत), आणि रविवारी सव्वासहाला टेकडीवर पाच माणसं. त्यातला एक माझा मेव्हणा, त्याला बायकोनं पाठवलेलं असतं. याच ग्रुपवर व्हँकुव्हरला मुलाकडे जाऊन आलेले लोक नॉर्थ शोअरच्या ट्रेलचे फोटो टाकतात, ते लाकडी पूल वगैरे, आणि खाली लिहितात "आपल्याकडे हे कधी होणार?" अहो तिथेही ते आकाशातनं पडलेलं नाही, तिथे 1997 पासून सायकलवाल्यांचा क्लब आहे, लोक वर्गणी भरतात आणि भर पावसात फावडं घेऊन येतात. फावडं. फोटोत ते येत नाही बहुतेक.

बरं, आता मुख्य टिप. दगड काढा.

याला थोडी पार्श्वभूमी सांगायला पाहिजे. खाणीच्या अंगाला उतरणारी एक वाट आहे, जाणारे ओळखतील. दर पावसाळ्यात तिथे पाणी वाटेवरनंच खाली यायचं आणि दर वर्षी ती वाट आणखी थोडी खाली जायची. म्हणून चौकीवर विचारून, होकार घेऊन, एप्रिल-मे मिळून सहा रविवार, सव्वासहा ते नऊ (नंतर ऊन सोसत नाही), आम्ही पाच जणांनी तिथे दगडांच्या तीन ओळी बसवल्या. वाटेला तिरप्या. एकेक दगड वीस-पंचवीस किलोचा, दोन तृतीयांश जमिनीत गाडलेला आणि वर फक्त चार इंच, म्हणजे पाणी येऊन टेकलं की वळतं आणि कडेच्या चरातनं गवतात जातं. आता जाणकार म्हणतील की हे जुनं झालं, दगड लावण्यापेक्षा वाटेलाच थोडी खोलगट लाट द्यावी, रोलिंग डिप, सायकलला पण बरं पडतं. मान्य. शंभर टक्के मान्य. पण तिथे वीतभर मातीखाली कातळ आहे, लाट काय दातांनी कोरायची? जिथे माती होती तिथे तीच केलीये, जाऊन बघा.

पहिल्या मोठ्या पावसात मी आणि मेव्हणा रेनकोट घालून मुद्दाम बघायला गेलो होतो. पाणी आलं, गढूळ, पाचोळा घेऊन, पहिल्या ओळीला टेकलं, जरा थांबलं, आणि वळलं. चरातनं गवतात गेलं. खालच्या वाटेवर पाणी नाही! दोन घोडे झालेली माणसं, पाणी वळलं म्हणून पावसात उभं राहून टाळ्या वाजवत होती. घरी सांगितलं नाही.

तर गेल्या रविवारी गेलो आणि मधली ओळ नाही. पाचच्या पाच दगड उपटून खाली घाणेरीच्या जाळीत ढकललेले, नुसते पाच खड्डे राहिलेले, आणि शनिवारच्या रात्रीच्या पावसानं ते खड्डे एकमेकांना जोडून टाकलेले. एका रात्रीत वाट वीतभर खाली गेली, तिसरी ओळ मुरुमानं बुजली, चर भरला. मी म्हटलं पोरांनी चूल मांडायला नेले असतील, तसं होतं कधी कधी. मग मोबाईल बघितला तर ग्रुपवर मेसेज. शनिवार दुपारचा. "आज थोडं ट्रेल मेंटेनन्स केलं. मधले दगड काढून टाकले, आता फ्लो एकदम मस्त. 9 सेकंद वाचले!!" सोबत सेगमेंटचा (म्हणजे वाटेचा ठरावीक टप्पा किती वेळात कापला ते मोजणाऱ्या ऍपचा) स्क्रीनशॉट. 43 अंगठे. आणि खाली एकाचं, "ग्रेट जॉब सर, असेच कार्य करत राहा."

ट्रेल मेंटेनन्स.

म्हणजे बघा, तर सेकंद वाचवायचे असतील तर वाचकांनी... नाही, जाऊ दे, टिप वगैरे राहू दे. मला एक कळत नाही, 140 मिलिमीटरचं सस्पेन्शन कशाला घेतो माणूस? चार इंच म्हणजे 100 मिलिमीटर. त्या सायकलचा जन्मच असल्या दगडावरनं जायला झालाय आणि यांना तो दगड टोचतो! सपाटच पाहिजे तर खाली सेनापती बापट रस्ता आहे की, एकही दगड नाही, वाचवा किती सेकंद वाचवायचे ते. आणि नऊ सेकंदांचं केलं काय पुढे? खाली टपरीवर चहा पीत पाऊण तास बसतात सगळे, मी बघतो दर रविवारी.

पण खरा राग त्याचा नाही. दोन तृतीयांश गाडलेला पंचवीस किलोचा दगड हातानं निघत नाही, आम्हीच बसवलाय, माहितीये. त्याला पहार लागते. म्हणजे हा माणूस घरनं पहार घेऊन आला होता. पहार! सायकलवर बांधून, टेकडी चढून! पाच वर्षं आम्ही ग्रुपवर बोंबलतोय की कुणीतरी एखादं अवजार घेऊन या, आमच्याकडे दोन फावडी, एक कुदळ आणि दांडा हलणारा एक विळा आहे, आणि 212 जणांतला पहिला माणूस पहार घेऊन आला तो याच्यासाठी. म्हणजे अवजार आहे, वेळ आहे, अंगात ताकद आहे, शनिवारी दोन तास उन्हापावसात राबायची तयारी आहे. सगळं आहे. फक्त विचारायचं नाही. हे दगड कुणी आणि कशाला लावले असतील एवढा एक प्रश्न डोक्यात येत नाही, पाच दगड एका ओळीत, तिरपे, सारख्या उंचीचे, शेवटाला खणलेला चर, ते काय लाव्हातनं तसेच बाहेर आले?

आणि डीपीत टीशर्ट "नो डिग नो राइड"चा, म्हणजे खणायला येत नसाल तर सायकल चालवायलाही येऊ नका.

आणि त्या 43 जणांनाही सांगतो, अंगठा दाबायच्या आधी फोटो तरी मोठा करून बघायचा. खड्डे दिसतायत त्यात. तुमच्यातले तीस जण एप्रिलमध्ये श्रमदानाच्या मेसेजला पण हाच अंगठा देऊन गेलात. बसवायलाही अंगठा, उपटायलाही अंगठा. टेकडी वाचवायची म्हणून मोर्चाला बोर्ड धरून येता, चांगली गोष्ट आहे, मीही येतो, पण मोर्चा संपल्यावर जी टेकडी उरते तिच्यावरनं माती वाहून जातीये ती कोण थांबवणार? बिल्डर? ही माती बिल्डर नेत नाहीये, आपण नेतोय, बुटांना आणि टायरला लावून, शॉर्टकटनं. वर्षातनं एक सकाळ मागतोय आम्ही. एक. तीन तास. तेवढंही जमत नसेल तर निदान हात लावू नका, पावसात येऊ नका, वाटेवरनं चाला, डबक्यातनं चाला, बूट धुता येतात.

आणि पहारवाल्या, तू हे वाचतोयस, मला माहितीये, कारण ग्रुपमधनं तू अजून बाहेर पडलेला नाहीस. ग्रुपवर तुझं नाव घेऊन काही लिहिलं नाही ते मोठेपणा म्हणून नाही, मेव्हण्यानं मोबाईल काढून घेतला म्हणून. ते पाच दगड घाणेरीच्या जाळीत, वाटेपासून पंधरा-वीस पावलं खाली पडलेत. मी मोजलेत, पाचही आहेत. काटे लागतील, फुल बाह्यांचा शर्ट घाल. येत्या रविवारी सव्वासहाला ये, पहार घेऊनच ये, स्क्रीनशॉट नको, मेसेज नको, एकेक दगड वर आण आणि होता तिथे गाड. तिरपा. चर आम्ही परवाच मोकळा करून ठेवलाय.